टँक घरातच आहे, हीलर तुम्ही व्हा

पत्र: आम्ही चौघं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक' हा ऑनलाइन गेम एकत्र खेळायचं म्हणतोय. तिघांनी होर्डच्या बाजूने सुरुवात केलीसुद्धा, आणि ते 12 ते 15 लेव्हलला आहेत. कॉलेजचा एक मित्र वॉरियर आहे, पण तो दोन हातांची कुऱ्हाडच चालवणार, ढाल धरणार नाही म्हणतो. दुसरा मेज, म्हणजे जादूगार आहे. स्टुटगार्टला राहणारा माझा मावसभाऊ हंटर आहे. मला रात्री साडेनऊनंतर दोनेक तास मिळतात. आठवड्यातून दोनदाच आमचं एकत्र जमतं, बाकी दिवस मी एकटीच. ग्रुपला उपयोगी पडेल आणि एकटीलाही खेळता येईल असा कोणता क्लास घेऊ? ड्रूइड सगळंच करतो असं ऐकलंय. हीलरची भीती वाटते, कोणीही मेलं की बोलणी त्यालाच बसतात म्हणे. — एक वाचक, सातारा

उत्तर:

शामन घ्या. आता कारणं सांगतो, कारण ती पटली नाहीत तर तिसाव्या लेव्हलला पुन्हा नवी विटी, नवं राज्य सुरू होईल आणि तोवर बाकीचे तिघे पुढे निघून गेलेले असतील.

क्लासिकमध्ये पार्टी पाच जणांची. एक टँक, म्हणजे शत्रूचा मार अंगावर घेणारा, एक हीलर, म्हणजे सगळ्यांचा जीव भरणारा, आणि तिघे मारणारे, म्हणजे डीपीएस. डंजन म्हणजे पार्टीने मिळून शिरायची शत्रूंनी भरलेली जागा. त्यासाठी माणसं आपोआप जुळवून देणारी यंत्रणा मूळ खेळात नाही. चॅटमध्ये ओरडायचं, माणसं गोळा करायची आणि दारापर्यंत पायी जायचं. मारणारा पाच मिनिटांत मिळतो. टँक आणि हीलर या दोन जागांसाठी मात्र अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि तुमच्या दोन तासांतला अर्धा-पाऊण तास म्हणजे ती संध्याकाळच गेली. म्हणून ग्रुपला उपयोगी क्लास कोणता, यापेक्षा आपल्या चौघांत कोणत्या जागा भरल्या की बाहेरून फक्त मारणाराच शोधावा लागेल, हा प्रश्न विचारायला हवा.

या हिशेबात तुमच्या वॉरियर मित्राचा हट्ट मोडावा लागेल. पूर्ण नाही, अर्धाच. दहाव्या लेव्हलची क्वेस्ट पार पाडली की वॉरियरला डिफेन्सिव्ह स्टान्स (बचावाचा पवित्रा), टाँट (शत्रूला स्वतःकडे खेचणं) आणि संडर आर्मर (चिलखत फोडणारा फटका) मिळतं. तो 12 च्या पुढे असेल तर हे त्याच्याकडे आत्ताच असायला हवं. डिफेन्सिव्ह स्टान्समध्ये अंगावर येणारा मार 10 टक्क्यांनी कमी होतो, त्याचा स्वतःचा मारही 10 टक्क्यांनी घटतो, आणि थ्रेट 30 टक्क्यांनी वाढतो. थ्रेट म्हणजे शत्रूचा राग कोणावर किती, याचा हिशेब. लेव्हल वाढवतानाच्या बहुतेक डंजनांत टँकिंगसाठी वेगळी टॅलेंट, म्हणजे लेव्हलसोबत मिळणाऱ्या गुणांतून घ्यायची कौशल्यं, लागत नाहीत. तो कुऱ्हाडीसाठीच आर्म्स या टॅलेंटच्या शाखेत गुण घालत राहील, फक्त बॅगेत एक बरी ढाल आणि एका हाताची तलवार ठेवेल, आणि डंजनच्या दारात बदलेल. बाहेर एकटा असताना कुऱ्हाड आहेच. आर्म्समधल्या टॅक्टिकल मास्टरीत पाच गुण टाकले तर स्टान्स बदलताना 25 पर्यंत रेज, म्हणजे वॉरियरच्या खास हल्ल्यांना लागणारी शक्ती, टिकून राहतो, नाहीतर तो सगळा वाया जातो. एवढं त्याला सांगा. 'ढाल कायमची नाही, आठवड्यातून दोनदा' असं म्हटलं की बहुतेक वॉरियर ऐकतात. शिवाय टँकला ग्रुपमध्ये जो मान मिळतो, तोही आवडू लागतो.

मग उरते हीलरची जागा, आणि ती तुमची. होर्डमध्ये पर्याय तीनच: प्रीस्ट, ड्रूइड, शामन. पॅलाडिन अलायन्सकडे असतो, त्याचा विचार सोडा.

ड्रूइड सगळं करतो हे खरं. अस्वल होऊन टँक, मांजर होऊन मार, माणूस होऊन हील. पण क्लासिकच्या ड्रूइडकडे लढाईबाहेर मेलेल्याला उठवण्याचं साधं जादूमंत्रच नाही. विसाव्या लेव्हलला रीबर्थ मिळतं. ते लढाईच्या मधेही चालतं, पण 30 मिनिटांतून एकदाच. म्हणजे दोन जण मेले तर एकाला उठवायचं, दुसऱ्याने स्मशानातून भूत होऊन धावत यायचं. वेलिंग कॅव्हर्न्ससारख्या भुलभुलैयात ही धावाधाव भलतीच नकोशी होते. तुमच्यासारखे नवखे चौघे सुरुवातीच्या डंजनांत मरणार, हे गृहीत धरूनच बोलतो आहोत. टँकची जागा रोज बदलणार असती तर ड्रूइडच सुचवला असता, कारण ज्या दिवशी जे हवं ते तो होतो. तुमच्याकडे टँक आहे.

प्रीस्ट हा खरं तर सगळ्यात चांगला हीलर. स्टॅमिना वाढवणारं फॉर्टिट्यूड, शत्रूची जादू काढणं, 20 पासून मेलेल्यांना म्हणजे अनडेडना बांधून ठेवणं, आणि दहाव्या लेव्हललाच मेलेल्या साथीदाराला उठवणं. एकटीने खेळायलाही तो वाटतो तितका वाईट नाही. शॅडो शाखेतल्या स्पिरिट टॅपमध्ये पहिले पाच गुण टाकायचे, आणि एन्चँटरकडून पाचव्या लेव्हलला लेसर मॅजिक वाँड (जादूची कांडी), 13 ला ग्रेटर मॅजिक वाँड करून घ्यायची. एखादा मंत्र टाकून पुढचं काम वाँडने केलं की मॅना, म्हणजे मंत्रांना लागणारी शक्ती, संपतच नाही. शामन नकोच वाटला तर डोळे झाकून प्रीस्ट घ्या. मात्र दोन अडचणी सांगतो. एक, तुम्ही आणि मेज दोघंही कापडाचेच कपडे घालणार, एकच झगा पडला की दोघांना हवा. दुसरी, नवा प्रीस्ट घाबरून टँकवर सतत शील्ड टाकतो. शील्डने खाल्लेल्या फटक्यातून वॉरियरला रेज मिळत नाही. रेज नाही तर थ्रेट नाही, थ्रेट नाही तर शत्रू सरळ प्रीस्टकडे. बिचाऱ्याला कळतही नाही की हे आपणच ओढवून घेतलं.

आता शामन. याची खरी ताकद टोटेममध्ये आहे. माती, आग, पाणी, हवा, या प्रत्येकाचं एकेक, म्हणजे एका वेळी चार टोटेम जमिनीवर उभे करता येतात. त्यांचा फायदा फक्त तुमच्या पाच जणांच्या पार्टीला, आणि बहुतेकांचा 20 यार्डांच्या आतच. दहाव्या लेव्हलपासून स्ट्रेंग्थ ऑफ अर्थ मिळतं, वॉरियरला ते थेट लागू पडतं. 32 ला विंडफ्युरी टोटेम: जवळून वार करणाऱ्याच्या प्रत्येक फटक्याला 20 टक्के शक्यता की लगेच आणखी एक फटका बसेल. वॉरियरसाठी हे सोनं आहे, टँक असतानाही, कारण जादा फटका म्हणजे जादा रेज आणि जादा थ्रेट. 42 ला ग्रेस ऑफ एअर आलं की मावसभावाचाही फायदा, पण हवेचं टोटेम एकाच वेळी एकच. तेव्हा वॉरियर की हंटर हे ठरवावं लागेल. वॉरियरच ठरवा, हंटर कुरकुरेल.

विंडफ्युरीबाबत एक चूक फार होते. हत्यारावर आधीच धार लावणारा दगड किंवा दुसरं तात्पुरतं काही लावलेलं असेल तर टोटेमचा परिणाम त्या हत्यारावर चढत नाही. वॉरियर हौसेने दगड घासून येतो, तुम्ही टोटेम उभं करता, आणि काहीच होत नाही. 32 नंतर तुमच्यासोबत खेळताना दगड वापरू नकोस म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा.

मेलेल्याला उठवणारं ॲन्सेस्ट्रल स्पिरिट 12 ला मिळतं. 30 ला रीइनकार्नेशन: सगळे मेले तरी तुम्ही स्वतः जागेवर उठता आणि बाकीच्यांना उठवता, तासातून एकदा. त्यासाठी बॅगेत आंख नावाची वस्तू लागते, ती रीएजंट विकणाऱ्याकडे मिळते. आंख संपलेला शामन ही ग्रुपमधली नेहमीची फजिती. पाचेक कायम बाळगा.

चारही प्रकारच्या टोटेमसाठी क्वेस्ट कराव्या लागतात: मातीची 4 ला, आगीची 10 ला, पाण्याची 20 ला, हवेची 30 ला. पाण्याची क्वेस्ट सगळ्यात लांबलचक. बॅरन्सपासून हिल्सब्रॅड, ॲशनव्हेल, सिल्व्हरपाइनपर्यंत फिरवते, आणि ती केल्याशिवाय हीलिंग स्ट्रीम टोटेम हाती येत नाही. ग्रुप नसलेल्या रात्रींत ती उरकून टाका. क्वेस्टमधून मिळालेली टोटेमची वस्तू बॅगेतच राहिली पाहिजे. जागा करायला कोणी ती बँकेत टाकतं, आणि डंजनमध्ये पोचल्यावर त्या प्रकारचं एकही टोटेम उभं राहत नाही.

एकटीने खेळताना शामन मजेत चालतो. दहाव्या लेव्हलपासून दर लेव्हलला एक टॅलेंट गुण मिळतो, तो 40 पर्यंत एन्हान्समेंट या मारामारीच्या शाखेत घाला. दहा गुण झाले की विसाव्या लेव्हलला अकरावा गुण दोन हातांच्या कुऱ्हाडी आणि हातोडे वापरण्याच्या टॅलेंटमध्ये टाका. तोवर काठी, किंवा एका हातात हातोडा आणि दुसऱ्यात ढाल. कुऱ्हाड मिळायला लागली की हंटरशी भांडण ठरलेलं. हंटर प्रत्येक कुऱ्हाडीकडे बघून 'यावर चपळाई आहे' म्हणतो, मग त्याचं खरं हत्यार धनुष्य असो वा बंदूक. दोन हातांची कुऱ्हाड वॉरियरला आणि तुम्हाला, लांबून मारायची सगळी हत्यारं हंटरला, असं पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

हीलिंगची टॅलेंट नसताना डंजनमध्ये हीलर कसं व्हायचं? 40-45 पर्यंत ते सहज जमतं, फक्त कपड्यांचा एक वेगळा जोड ठेवा. नावामागे 'ऑफ द आउल' किंवा 'ऑफ द ईगल' असलेले चामड्याचे कपडे ऑक्शन हाउसवर स्वस्तात मिळतात. पहिल्यात बुद्धी आणि स्पिरिट, दुसऱ्यात बुद्धी आणि स्टॅमिना. ते, आणि ढाल. टॅलेंट बदलायचीच असतील तर पहिल्यांदा 1 सोन्याचं नाणं, मग 5, मग 10, असं वाढत 50 पर्यंत जातं. म्हणून आठवड्यात दोनदा बदलत बसू नका. तुमच्या सर्व्हरवर टॅलेंटचे दोन संच ठेवायची सोय असेल तर प्रश्नच मिटला.

आता हीलरच्या भीतीबद्दल. बोलणी बसतात ती बहुतेक वेळा दोनच गोष्टींमुळे, आणि दोन्ही शिकून टाळता येतात: मॅना संपणं, आणि शत्रू अंगावर येणं.

मॅनाचं असं. मॅना खर्च केल्यापासून पाच सेकंद स्पिरिटमधून तो भरत नाही. म्हणजे छोटे छोटे हील सतत टाकत राहणारा हीलर कायम कोरडाच. हीलिंग वेव्ह या तुमच्या हीलच्या मंत्राचा रँक 3 (12 व्या लेव्हलचा) 80 मॅना घेतो आणि 129 ते 155 जीव भरतो. रँक 4 (18 चा) 155 मॅनात 268 ते 316. दर मॅनामागे फारसा फरक नाही, तेव्हा जखमेच्या आकाराचा रँक निवडा आणि दोन्ही बटणांवर ठेवा. टँकचा जीव 80 टक्क्यांवर असताना काही करू नका. 60-65 वर आला की मोठं हील सुरू करा, रँक 4 ला तीन सेकंद लागतात, तोवर तो अजून खाली येतोच. कास्ट, म्हणजे मंत्र टाकणं, पूर्ण होण्याआधी टँक दुसऱ्या कशाने भरला तर जरा हलून कास्ट तोडा. मॅना कास्ट संपल्यावर जातो, सुरू करताना नाही. ही एक सवय लागली तरी पाण्याचे घोट निम्मे होतील. आणि पाणी फुकट आहे, मेज बनवतो. डंजन सुरू होण्याआधी त्याच्याकडून 20-20 चे दोन गठ्ठे मागून घ्या. मॅना अर्ध्याखाली आला की बसा आणि चॅटमध्ये 'पाणी' लिहा, पण पुढच्या घोळक्याला हात लागण्याआधी. लढाई लागली की पिता येत नाही.

टोटेमनाही मॅना लागतो हे नवे शामन विसरतात. प्रत्येक घोळक्यापाशी चारही टाकत बसलात तर हीलसाठी काही उरणार नाही. 32 च्या आधी साधारणपणे मातीचं एक आणि पाण्याचं एक एवढं पुरे. टँक पुढे सरकला आणि टोटेम 20 यार्ड मागे राहिलं तर ते वाया. म्हणून वॉरियरला सांगा की घोळका ओढून मागे, तुमच्यापाशी आण. पुढचा घोळका चुकून जागा व्हायचा धोकाही याने कमी होतो.

शत्रू अंगावर का येतो? एक मार म्हणजे एक थ्रेट, आणि भरलेल्या जीवाचा अर्धा थ्रेट. तो अर्धा लढाईतल्या सगळ्या शत्रूंमध्ये वाटला जातो. टँकने चारपैकी एकालाच हात लावला असेल तर उरलेल्या तिघांच्या यादीत फक्त तुमचंच नाव असतं. उपाय साधा आहे: लढाई सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंद थांबा, टँकला प्रत्येकावर एकेक संडर टाकू द्या. जीव आधीच पूर्ण भरला असताना टाकलेल्या हीलचा थ्रेट होत नाही, पण मॅना जातो, म्हणून तेही नको. तरीही कोणी तुमच्याकडे आलंच तर पळून लांब जाऊ नका. टँकच्या मागे जाऊन उभ्या राहा, तो टाँट मारून घेईल. लांब पळणाऱ्या हीलरमागे धावणारा टँक आणखी एक घोळका जागा करतो. शामनकडे थ्रेट झटकून टाकायचा मंत्र नाही, ही त्याची उणीव इथेच जाणवते. अर्थ शॉक हौसेने मारत राहू नका, त्याचा थ्रेट मारापेक्षा जास्त असतो.

अर्थ शॉकचं खरं काम दुसरं. चौथ्या लेव्हललाच मिळणारा हा मंत्र शत्रूचा चालू मंत्र तोडतो आणि त्या प्रकारची जादू दोन सेकंद बंद करतो. पुन्हा मारायला सहा सेकंद लागतात. वेलिंग कॅव्हर्न्समधले फँगचे ड्रूइड स्वतःला आणि सोबत्यांना हील करतात, आणि तुमच्यातल्या एकाला झोपवतात. झोप टँकला लागली की शत्रू तुमच्याकडे. तुम्हाला लागली की टँकला हील नाही. 18 ला मिळणारं ट्रेमर टोटेम भीती, भुरळ आणि झोप तिन्ही उतरवतं. ते घोळका यायच्या आधी उभं करा, झोपल्यावर करता येत नाही. मातीचं टोटेम एकच असल्याने त्या घोळक्यापुरतं स्ट्रेंग्थ ऑफ अर्थ सोडावं लागेल, सोडा. मग फक्त त्या ड्रूइडचे हात उजळताहेत का ते बघत राहा. हील सुरू झालं की अर्थ शॉक. मेजने तोवर दुसऱ्या ड्रूइडला मेंढी करून ठेवलेलं असावं. स्कार्लेट मोनॅस्टरीत चॅप्लेन स्वतःवर शील्ड आणि रिन्यू चढवतात. ते काढायला 12 ला मिळणारं पर्ज आहे.

दोन तासांच्या हिशेबात कुठे जावं? 13 च्या आसपास ओर्ग्रिमारमधलं रेजफायर कॅझम (चॅटमध्ये आरएफसी), शहरातच असल्याने चालणं नाही. वेलिंग कॅव्हर्न्स मोठं आहे, वाट चुकली तर दोन तास पुरत नाहीत, म्हणून शनिवारी. पुढे स्कार्लेट मोनॅस्टरी तुमच्यासारख्यांसाठी उत्तम. चार वेगळे विभाग, प्रत्येक तासाभरात होण्याजोगा, आणि होर्डसाठी अंडरसिटीपासून जवळ.

हंटर मावसभावाला एकच सूचना: डंजनमध्ये शिरताना पाळलेल्या जनावराचं ग्राउल, म्हणजे शत्रूला स्वतःकडे ओढणारी गुरगुर, बंद. नाहीतर ते जनावर आणि वॉरियर यांच्यात शत्रू इकडून तिकडे उड्या मारतो आणि तुम्हाला दोघांनाही हील करावं लागतं.

पण त्याआधी त्याला विचारा, त्याचं खातं कोणत्या रीजनचं आहे. युरोपचं आणि अमेरिकेचं खातं एकत्र खेळू शकत नाही, आणि ऑस्ट्रेलियाचे सर्व्हर अमेरिकेच्या गटात येतात. तुमच्यासाठी युरोपच सोयीचं. तुमचे साडेनऊ म्हणजे स्टुटगार्टला हिवाळ्यात संध्याकाळचे पाच, उन्हाळ्यात सहा, लोक कामावरून येऊन बसलेले असतात. सिडनीत त्या वेळी मध्यरात्र उलटून गेलेली असते. पाचवा कुठून मिळणार?

वंशाचं फार डोक्यात घेऊ नका. ऑर्क, टॉरेन, ट्रोल तिघंही शामन होतात, अनडेड होत नाही. टॉरेनचा वॉर स्टॉम्प आजूबाजूच्यांना दोन सेकंद गोठवतो, तेवढ्यात एक छोटं हील निघतं. हीलरला उपयोगी म्हणून आमची पसंती टॉरेनला. मात्र तो मुलगोरमध्ये सुरू होतो, म्हणजे बाकीच्यांना भेटायला बॅरन्सपर्यंत चालत यावं लागेल.

13 ला पोचलात, ॲन्सेस्ट्रल स्पिरिट शिकलात, हीलचे रँक 2 आणि 3 बटणांवर आले, की चॅटमध्ये लिहा: 'आरएफसीला एक डीपीएस हवा, टँक-हीलर आहेत'. ते शेवटचे दोन शब्द वाचून उत्तरं भराभर येतील. त्यांतला एखादा वॉरलॉक मिळाला तर त्याला फ्रेंड लिस्टमध्ये घाला, कारण 20 नंतर तो दोघांच्या मदतीने बाकीच्यांना डंजनच्या दारात ओढून घेतो, आणि तुमच्या दोन तासांतला चालण्याचा वेळ वाचतो.